छापलेल्या शब्दाची जबाबदारी

आपल्यापैकी बहुतेकांनी वैद्यकीय संशोधनाचे नियतकालिक कधी हातात घेतले नसेल, आणि घ्यावे असे काही कारणही नाही. तथापि आपण दवाखान्यात जातो, डॉक्टर आपली नाडी पाहतात, रक्तदाब मोजतात आणि कागदावर एखाद्या औषधाचे नाव लिहून देतात, तेव्हा त्या दोन ओळींच्या मागे कोठे ना कोठे एक छापील शोधनिबंध उभा असतो. अमुक औषध इतक्या रुग्णांना दिले, तमुक इतक्यांना दिले आणि त्यांपैकी इतके बरे झाले, असे कोणीतरी लिहून ठेवलेले असते. आपल्या डॉक्टरांनी ते रुग्ण पाहिलेले नसतात. त्यांनी फार तर तो निबंध वाचलेला असतो. पुष्कळदा तोही नव्हे, तर त्याच्या आधाराने लिहिलेले पाठ्यपुस्तक वाचलेले असते. म्हणजे ज्या शब्दावर विसंबून आपण आपला देह दुसऱ्याच्या हाती देतो, तो शब्द आपण पारखलेला नसतो आणि आपल्या डॉक्टरांनीही पारखलेला नसतो. तो विश्वासार्ह मानला जातो, कारण तो एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापलेला असतो.

आपल्याकडील शास्त्रकारांनी ज्ञानाची जी प्रमाणे मानली, त्यांत आप्तवचन हे एक प्रमाण होते. परंतु कोणाचेही बोलणे त्यांनी आप्तवचन मानले नाही. रज आणि तम या दोषांपासून जे मुक्त आहेत त्यांनाच आप्त म्हणावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आणि त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात वैद्यांनी आपापसांत चर्चा कशी करावी, याचा ‘तद्विद्यसंभाषा’ या नावाने सविस्तर विचार केला आहे. सांगणारा निर्लोभ असावा आणि त्याचे सांगणे जाणकारांच्या प्रश्नांना तोंड देऊ शकावे, या त्या दोन अपेक्षा. आजच्या वैद्यकीय नियतकालिकांचे जे नीतिनियम आहेत ते पाहू गेल्यास, नावे निराळी असली तरी अपेक्षा याच दोन आहेत असे आढळून येते.

मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. गेली वीसएक वर्षे मी शासकीय सेवेत आहे आणि या काळाचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेले कागद वाचण्यात व त्यांखाली सही करण्यात गेला आहे. कार्यालयात सहीला एक ठरलेला अर्थ असतो. सही करणाराने वरचा मजकूर वाचला आहे, आणि उद्या त्याबद्दल कोणी विचारले तर तो उत्तर देण्यास बांधलेला आहे, हा तो अर्थ होय. शोधनिबंधाच्या शिरोभागी जी नावे छापली जातात, त्यांचाही अर्थ याहून वेगळा असू नये. हाच एक मुद्दा आज मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम ही व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात पाहू. विद्वानांची पत्रे छापून ती सर्वांना वाचावयास देण्याची प्रथा १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक काढून सुरू केली. ‘लॅन्सेट’ हे प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिक १८२३ मध्ये टॉमस वॅक्ली या शल्यवैद्याने काढले. आपल्या देशात ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ पासून चालू आहे आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे व केईएम रुग्णालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून. संशोधकाने निबंध पाठवावा, संपादकाने तो त्या विषयातील दोघातिघा जाणकारांकडे द्यावा, त्यांच्या शंकांचे लेखकाने निरसन करावे आणि मग तो छापला जावा, ही पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वत्रिक झाली. या जाणकारांना परीक्षक म्हणतात. ते बहुधा विनामोबदला काम करतात.

परंतु या परीक्षणाला एक मर्यादा आहे, ती विसरता कामा नये. परीक्षक निबंध पाहतो, रुग्ण पाहत नाही. लेखकाने शंभर रुग्ण तपासले असे लिहिले तर ते शंभर होते, असे धरूनच तो पुढचा विचार करतो. तर्कातील चूक, गणितातील चूक, अनुमानातील घाई त्याला दिसू शकते. मुळातच रचलेली खोटी नोंद त्याला सहसा दिसत नाही. म्हणूनच ही सर्व इमारत शेवटी लेखकाच्या सचोटीवर उभी आहे. आणि सचोटी गृहीत धरावी लागते म्हणूनच तिला नियमांचे कुंपण घालावे लागते.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. प्रश्न केवळ खोटेपणाचा नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी या गावी १९३२ पासून उपदंश या रोगाचा एक अभ्यास चालू होता. सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. ३९९ रोगाने पीडित आणि २०१ निरोगी. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो, हे पाहावयाचे होते. आपल्यावर काय चालले आहे हे त्या लोकांना सांगण्यात आले नाही. पेनिसिलीन या रोगावरचा खात्रीचा उपाय ठरल्यावरही ते त्यांना मिळू नये अशी तजवीज करण्यात आली. हा अभ्यास १९७२ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, चालला. तो गुप्त होता काय? मुळीच नव्हता. त्याचे निष्कर्ष १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी छापून येत होते. त्यांतील माहिती बनावट होती असे कोणी म्हटलेले नाही. संपादकांनी ते निबंध छापले, हजारो डॉक्टरांनी वाचले. १९६५ मध्ये आयर्विन शॅट्झ नावाच्या एका तरुण डॉक्टरांनी असाच एक निबंध वाचला आणि अस्वस्थ होऊन, उपचार उपलब्ध असताना आपण या माणसांना तो कसा नाकारता, असे पत्र अभ्यास चालविणाऱ्यांना लिहिले. ते पत्र उत्तर न देता फायलीला लावण्यात आले. फायलीशी संबंध असलेल्या कोणाही माणसाला या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून आज नियम असा आहे की, माहिती खरी असणे पुरेसे नाही. ती कशी मिळविली हेही सांगितले पाहिजे. जागतिक वैद्यक संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकी येथे माणसांवरील संशोधनाची जी तत्त्वे जाहीर केली, त्यांत १९७५ च्या टोकियो येथील दुरुस्तीने एक भर पडली. या तत्त्वांचा भंग करून केलेल्या प्रयोगांचे वृत्तान्त छापण्यासाठी स्वीकारू नयेत, असे त्यात सांगितले गेले. नैतिकता समितीची परवानगी होती काय, सहभागी माणसांनी समजून-उमजून संमती दिली होती काय, हे चांगला संपादक आज प्रथम विचारतो. छापखान्याचे दार बंद ठेवणे हेही एक प्रकारचे संरक्षण आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

आता खोटेपणाचे एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या बारा सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांवरील एकत्रित लस आणि मुलांमधील स्वमग्नता यांचा काही संबंध असावा, असे तो सुचवीत होता. त्याचा आधार केवळ बारा मुले हा होता. संबंध सिद्ध झालेला नाही, असे निबंधातच म्हटले होते. परंतु पत्रकारांपुढे बोलताना वेकफील्ड यांनी ही एकत्रित लस थांबवावी असा सूर लावला. आईबापांच्या मनात भय शिरले. इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण घसरत घसरत २००३-०४ पर्यंत ८० टक्क्यांवर आले. २००८ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये गोवर हा पुन्हा स्थायिक झालेला रोग असल्याचे मान्य करावे लागले.

पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने शोध घेतला, तेव्हा २००४ मध्ये असे उघडकीस आले की, लस तयार करणाऱ्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते आणि ही गोष्ट त्यांनी वाचकांपासून लपविली होती. त्याच वर्षी दहा सहलेखकांनी निबंधातील अनुमान मागे घेतले. मुलांच्या मूळ नोंदी आणि निबंधातील वर्णन यांचा मेळ बसत नाही, हेही नंतर दिसून आले. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. निबंध छापल्यापासून तो मागे घेईपर्यंत बारा वर्षे गेली. छापलेला निबंध मागे घेता येतो. त्याने पसरविलेले भय मागे घेता येत नाही. ते भय आजही देशोदेशी हिंडत आहे.

यावरून ‘लॅन्सेट’ हे नियतकालिकच टाकाऊ ठरते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच ‘लॅन्सेट’मध्ये पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९९ मध्ये, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील एक निबंध आला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला होता आणि ४७ खेड्यांशी त्याची तुलना केली होती. तुलनेच्या गावांच्या मानाने त्या ३९ खेड्यांतील नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. आडवाटेच्या खेड्यांत झालेले हे काम जगातल्या तज्ज्ञांनी वाचले, तपासले आणि त्यावर वाद घातला. २०११ पासून आपल्या देशात आशा कार्यकर्तीमार्फत नवजात बालकाची घरी काळजी घेण्याची योजना आली, तिच्या मुळाशी हे काम आहे. गडचिरोलीच्या झोपडीतील सत्य दिल्लीच्या फायलीपर्यंत येऊन पोहोचले, ते त्याला विश्वासार्ह छापील पान मिळाले म्हणून. खोट्या निबंधाने होणारे नुकसान आपण मोजतो. पण त्याच्यामुळे खऱ्या निबंधावरचाही विश्वास उडतो, हे नुकसान कोणी मोजत नाही.

खोटे बोलण्याप्रमाणेच गप्प राहणे हेही वैद्यकात घातक ठरते. १९८० साली ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या शंभराच्या आतबाहेर रुग्णांवर लॉर्केनाइड नावाच्या औषधाची चाचणी झाली. ते औषध घेणाऱ्या गटात ९ जण दगावले आणि दुसऱ्या गटात १. संशोधकांना तो योगायोग वाटला. औषधही व्यापारी कारणाने मागे पडले. आणि निबंध छापला गेला नाही. दरम्यान त्याच वर्गातील दुसरी औषधे प्रचारात आली आणि त्यांनी पुष्कळ रुग्णांचे प्राण घेतले, असे पुढे सिद्ध झाले. त्या संशोधकांनी आपला जुना निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो वेळेवर छापला असता तर पुढच्या संकटाची सूचना मिळाली असती, हे स्वतःच नमूद केले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. प्रतिकूल निष्कर्ष मेजाच्या खणात पडून राहतो आणि अनुकूल निष्कर्ष छापला जातो, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि म्हणूनच येथे सद्हेतूवर विसंबून भागत नाही.

यावर उपाय निघाला तो असा. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर शहरी काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र जमले होते. त्यातून पुढे वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. या समितीने २००४ मध्ये जाहीर केले की, रुग्ण घेण्यास आरंभ करण्यापूर्वी ज्या चाचणीची सार्वजनिक नोंदणी झालेली नसेल, तिचा निबंध आम्ही छापणार नाही. कोणते औषध, किती रुग्ण, कशावरून यश मोजणार, हे आधीच लिहून ठेवावयाचे. मग निकाल मनाजोगा लागला नाही तरी चाचणी झाली होती ही गोष्ट लपवता येत नाही. आपल्या देशात अशी नोंदवही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जुलै २००७ मध्ये उघडली आणि जून २००९ पासून औषध-चाचण्यांना ही नोंदणी बंधनकारक झाली. ती नोंदवही कोणाही नागरिकाला विनाशुल्क पाहता येते.

नियम झाले म्हणजे चुका थांबतात असे नाही. करोनाच्या साथीत, २२ मे २०२० रोजी, ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाने रुग्णांचे मृत्यू वाढतात असा एक निबंध आला. त्याला ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांचा आधार असल्याचे म्हटले होते. त्या औषधाचा वापर तेव्हा आपल्या देशातही होत होता. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग स्थगित केला. पण वाचकांना शंका आली. ऑस्ट्रेलियातील मृत्यूंचा जो आकडा निबंधात होता, तो त्या देशाच्या अधिकृत आकड्याहूनही मोठा होता! शंभरांहून अधिक तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहून मूळ नोंदी मागितल्या. तेव्हा असे दिसले की त्या नोंदी एका खासगी कंपनीच्या ताब्यात होत्या आणि त्या कंपनीचा प्रमुख सोडला तर एकाही लेखकाने त्या पाहिलेल्या नव्हत्या. कंपनीने त्या तपासणीसाठी देण्याचे नाकारले आणि ४ जून रोजी निबंध मागे घेण्यात आला. वेकफील्ड यांच्या निबंधाला बारा वर्षे लागली. याला तेरा दिवस लागले. ते औषध निरुपयोगी आहे, असे पुढे दुसऱ्या प्रामाणिक चाचणीनेही दाखवून दिले. परंतु निष्कर्ष जुळला म्हणून खोटा पुरावा खरा ठरत नाही. न वाचलेल्या कागदाखाली सही करणे हा सरकारी कार्यालयात दोष मानला जातो. येथे तर न पाहिलेल्या ९६ हजार रुग्णांखाली सह्या झाल्या होत्या.

हे सर्व परदेशातले झाले, असे म्हणून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही. १९९२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथील एक निबंध छापला होता. विशिष्ट आहार दिल्याने हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना मोठा लाभ होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. लेखकाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. शंका निघाल्यावर संपादकांनी मूळ नोंदी मागितल्या. काही नोंदी वाळवीने खाल्ल्या, असे उत्तर आले. ज्या नोंदी मिळाल्या त्या संख्याशास्त्रज्ञांनी तपासल्या. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले असतील, तर उपचारांपूर्वी ते गट सामान्यतः सारखे दिसावयास हवेत. येथे ते तसे नव्हते. शिवाय आकडे मनाने लिहिणारा माणूस नकळत काही ठरावीक अंक शेवटी पुन्हा पुन्हा योजतो. तेही येथे आढळले. या नोंदी बनावट असण्याचा दाट संभव आहे, असा अभिप्राय २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि संपादकांनी निबंधाविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. तेरा वर्षे का लागली? कारण या प्रकरणाची चौकशी करण्यास अधिकारी आणि तयार अशी संस्था त्यांना आपल्या देशात सापडली नाही. प्रश्न होता, पुरावा होता, पण तो पाठवावा कोठे याचा पत्ता नव्हता.

शासकीय सेवकाला ही गोष्ट विशेष टोचते. तक्रार खरी की खोटी हे ठरविणे अवघड असू शकते. पण तक्रार कोणी घ्यावी हेच न ठरलेले असणे, हा व्यवस्थेचा दोष होय. अमेरिकेत संशोधनातील सचोटीसाठी १९९२ पासून स्वतंत्र शासकीय कार्यालय आहे. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले, ते योग्यच झाले. परंतु दुसऱ्याचे वाक्य चोरणे आणि नसलेला रुग्ण निर्माण करणे, यांत दुसरा अपराध रुग्णाच्या दृष्टीने कितीतरी मोठा आहे, आणि त्याच्या चौकशीचा भार आपल्याकडे बहुतांशी त्या त्या संस्थेवरच पडतो. संस्थेने स्वतःच्याच माणसाची चौकशी करावी, यातली अडचण आपण सर्व जाणतो.

खोट्या निबंधांचे पीक येते कोठून, याचाही विचार केला पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या पदोन्नतीला शोधनिबंधांची अट घालण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या, संशोधनासाठी ना वेळ ना साधने असलेल्या अध्यापकाकडे निबंधांची संख्या मागितली की संख्या मिळते, संशोधन मिळतेच असे नाही. अधिकाऱ्याचे काम त्याने निकालात काढलेल्या प्रकरणांच्या संख्येवरून मोजू लागल्यास सोपी प्रकरणे आधी निघतात आणि अवघड प्रकरणे तळाशी जातात. तसलाच हा प्रकार आहे. मागणी उत्पन्न झाली तेव्हा पुरवठा करणारेही निघाले. पैसे घेऊन, कोणत्याही परीक्षणाशिवाय, काही दिवसांत निबंध छापून देणारी नियतकालिके निघाली, आणि त्यांत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे हे कष्टाने कबूल करावे लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्राध्यापक भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनुदान आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेली नियतकालिके तपासली. त्यांतील कोणत्याही नामांकित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. याद्या येतील आणि जातील. निबंध मोजण्याऐवजी तो वाचण्याची तयारी जोपर्यंत निवड समित्या दाखवीत नाहीत, तोपर्यंत हा बाजार उठणार नाही.

मग करावयाचे काय? नियमांची वाण नाही. संपादकांच्या ज्या आंतरराष्ट्रीय समितीचा मी उल्लेख केला, तिने लेखक कोणास म्हणावे याच्या चार अटी सांगितल्या आहेत. कामात भरीव वाटा असावा. लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत भाग असावा. छापावयाच्या अंतिम मजकुरास संमती असावी. आणि निबंधातील कोणत्याही भागाबद्दल प्रश्न निघाल्यास त्याचा छडा लावण्याची जबाबदारी पत्करलेली असावी. ही चौथी अट २०१३ मध्ये जोडली गेली. विभागप्रमुखाचे नाव मानाचे म्हणून घालण्याची जी चाल आपल्याकडे आहे, ती या चारही अटींत बसत नाही. २०२३ मध्ये त्याच समितीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. आज यंत्रेही मजकूर लिहू लागली आहेत. परंतु यंत्राला लेखक म्हणून दाखवता येणार नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. नाव म्हणजे जबाबदारी, हे तत्त्व याहून स्वच्छ शब्दांत सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट, चूक कबूल करण्याला आपण प्रतिष्ठा दिली पाहिजे. निबंध मागे घेणे म्हणजे बेअब्रू, अशी समजूत असल्याने प्रामाणिक चूक करणाराही ती दडवितो. वास्तविक ज्याने आपली चूक स्वतः ओळखून वाचकांना कळविली, त्याने अज्ञात रुग्णांवर उपकारच केले. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांत भेद करणे, आणि मागे घेतलेल्या निबंधावर त्याचे कारण स्पष्ट शब्दांत छापणे, हे संपादकाचे कर्तव्य आहे. ब्रिटनमध्ये १९९७ साली काही संपादकांनी अशाच अवघड प्रकरणांत एकमेकांचा सल्ला घेण्यासाठी प्रकाशन-नीतिविषयक समिती स्थापन केली. तिचे मार्गदर्शन आज जगभर मानले जाते.

आणि आपण श्रोत्यांनी काय करावे? आपल्या घरातील कोणाला एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी व्हावयास सांगितले, तर भिऊन नकार देण्याचे कारण नाही आणि डोळे मिटून अंगठा उठविण्याचेही कारण नाही. या चाचणीची नोंदणी झाली आहे काय, तिचा क्रमांक काय, नैतिकता समितीने तिला मान्यता दिली आहे काय, आणि निष्कर्ष कसाही निघाला तरी तो प्रसिद्ध होणार आहे काय, एवढे चार प्रश्न शांतपणे विचारावेत. चांगल्या संशोधकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

टस्कीगीतील माणसांना त्यांच्यावर लिहिलेले निबंध कधी वाचता आले नाहीत. गडचिरोलीतील ज्या माउलीचे मूल वाचले, तिनेही ‘लॅन्सेट’ पाहिलेले नसेल. वैद्यकीय शोधनिबंध ज्याच्या जन्ममरणाविषयी असतो, तो त्याचा वाचक क्वचितच असतो. लिहिणाराने, तपासणाराने आणि छापणाराने सही करताना त्या गैरहजर माणसाची आठवण ठेवावी, आणि त्याच्या वतीने कोणी प्रश्न विचारला तर तो फायलीला लावून न ठेवता त्याला उत्तर द्यावे. सर्व नियमांचे सार एवढेच आहे, आणि ते पाळण्यासाठी वैद्यकशास्त्राची पदवी असावी लागत नाही.